बक्षिसाचा फ्रीज

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर समुद्रावर फिरायला जातो त्या मित्राजवळही नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही. पण सुरुवात फ्रीजपासून करतो. फ्रीजचं बोलायला लागलो की माझी जीभ आपोआप सैल सुटते — मग पुढचंही निघेल बाहेर.

तुम्ही फ्रेंच डोअर फ्रीज पाहिलाय? जाहिरातीत नव्हे हो — त्याच्यासमोर उभं राहून, दोन हातांनी दोन्ही दारं एकदम उघडून? कपाटासारखी मधोमध उघडणारी दोन दारं. खाली बर्फाचा भलामोठा खण, ओढला की अलगद बाहेर येणारा. भाजी-दूध सगळं छातीच्या उंचीवर, कंबर वाकवायला नको. आणि आतला उजेड! मी पहिल्यांदा तो पाहिला पुतणीकडे, नेरुळला. पाणी घ्यायला म्हणून उठलो, दारं उघडली आणि पाणी प्यायचंच विसरलो. साठीला आलेला माणूस मी. पण शाळेत असताना शेजारच्याची नवी सायकल बघून जसा खिळून उभा राहिलो होतो, अगदी तसा राहिलो.

आमची नागावला नारळ-सुपारीची वाडी आहे. मी एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालो आणि वाडीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढून पर्यटकांना द्यायला लागलो. जेवण आमच्याकडेच. स्वयंपाक सुनंदाचा — माझ्या बायकोचा. तिच्या हातचं सुरमईचं कालवण खायला माणसं परत परत येतात. आमचा जुना फ्रीज एका दाराचा, रबर सैल झालेला. त्याच्या दारापुढे सुनंदा एक छोटा दगड टेकवून ठेवायची. सोलकढीचं पातेलं आत ठेवायचं तर आधी सगळं बाहेर काढायचं. म्हणजे मोठा फ्रीज हवाच होता, असं मी म्हणू शकतो. लोकांना तसंच म्हणतोही. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला तो गरजेसाठी नको होता. मला तो हवा होता — बस, हवा होता.

मग काय विचारता! दुपारी आडवा झालो की मोबाइलवर फ्रीजचेच व्हिडिओ. सुनंदा देवळात गेली की मी टेप घेऊन स्वयंपाकघरात. भिंतीची लांबी, ओट्यापासूनचं अंतर, दारं पूर्ण उघडायला दोन्ही बाजूंना किती जागा लागेल — सगळं मोजलं. आणि एके दिवशी धस्स झालं. स्वयंपाकघराची चौकटच अरुंद! फ्रीज आत जाणारच नाही! दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी एका व्हिडिओत कळलं की या फ्रीजची दारं काढून, धड आत नेऊन, दारं पुन्हा बसवतात. मी खाटेवर उठून बसलो. सुनंदा म्हणाली, "काय हो, काय झालं?" मी म्हटलं, "मच्छर."

बँकेच्या कामाचं निमित्त काढून मी अलिबागच्या एका दुकानात खेटे घालायला लागलो. थंड पाण्याचा नळ असलेला घ्यावा का साधा? चकचकीत स्टीलचा घ्यावा, तर आमच्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर डाग धरणार. शेवटी काळ्या काचेच्या दारांचा ठरवला. त्याला मधे एक वेगळा खण होता, त्याचा गारवा आपण वेगळा ठरवायचा. मासळीसाठी वेगळा खण! दुधाला वास नाही, लोण्याला वास नाही! मी ते दार इतक्यांदा उघडलं-मिटलं की दुकानातला चष्मेवाला विक्रेता हसून म्हणाला, "काका, आता घरी नेऊनच उघडा."

घरी नेऊन. तिथेच तर सगळं अडलं होतं. घरी सांगायचं काय?

मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे दिवाळीची सोडत आहे का हो? लकी ड्रॉ?"

"नाही काका. या वर्षी नाही."

"माझ्यापुरती आहे असं समजा."

त्याला वाटलं, म्हातारा बायकोला चकित करतोय. खूश झाला बिचारा. लाल रिबीन त्याने स्वतः बांधली, वर 'अभिनंदन' लिहिलेला कागद चिकटवला. दसऱ्याला आम्ही त्याच दुकानातून मिक्सर घेतला होता. घरी येऊन मी सांगितलं, त्या मिक्सरवर एक कूपन मिळालं होतं, ते मी तुझ्या नावाने भरलं आणि सुनंदा, तुझा नंबर लागला!

तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. "माझा? माझं नाव निघालं?" एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली. तिला जन्मात कधी काही लागलं नव्हतं — सार्वजनिक गणपतीच्या सोडतीत साधी साबणाची पेटीसुद्धा नाही. टेम्पो आला तेव्हा आळीतली सगळी माणसं गोळा झाली. दारं काढली, फ्रीज आडवा-तिरपा करून आत घेतला, दारं पुन्हा बसली, दिवा लागला — आणि बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या! सुनंदाने फ्रीजला हळदकुंकू लावलं. घरोघर पेढे गेले. शेजारच्या किशोरीवहिनी दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात जाऊन इस्त्री घेऊन आल्या आणि कूपन मिळालं नाही म्हणून त्या विक्रेत्याशी भांडल्या; सोडत संपली म्हणून सांगून त्याने बिचाऱ्याने वेळ मारून नेली. आळीतल्या बायकांच्या भिशीची चिठ्ठी तेव्हापासून सुनंदानेच उचलायची असं ठरलं. तिचा हात लागतो म्हणे.

आणि ते पहिले दिवस! अख्खी सुरमई परातीत आडवी, शेपूट न कापता, आत मावली. पाहुण्यांच्या नाश्त्याचं ताट झाकून ठेवायचं तर दोन्ही दारं उघडून ताट जसंच्या तसं आत. फक्त डावं दार आधी मिटायचं, मग उजवं — नाहीतर मधली पट्टी अडते आणि तो टुण-टुण ओरडतो. ही युक्ती मी सगळ्यांना शिकवली. दुपारी झोपेतून उठून मी उगाच दारं उघडून उभा राहायचो. आत उजेड, गार वारा तोंडावर — सांगतो तुम्हाला, देवळात गेल्यासारखं वाटायचं.

इथवर ऐकून तुम्ही हसत असाल. बायकोला फसवून घेतलेला फ्रीज, गंमतच की! मीही ही गोष्ट इथेच संपवू शकलो असतो. पण एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत — सोडतीचं सोंग करायची गरजच काय होती? सुनंदा काही कजाग बाई नाही. फ्रीज घेऊ म्हटलं असतं तर घ्या म्हणाली असती.

नाही. म्हणाली नसती. त्या वर्षी नाही.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं होतं. आमचे नारळ पडले, पण घर राहिलं. सुनंदाचा धाकटा भाऊ वसंत — बोर्ली पंचतनच्या आतल्या अंगाला एका खेड्यात त्याची भातशेती. त्याच्या घराची कौलं उडाली, आढं मोडलं. आई लवकर गेली म्हणून वसंताला सुनंदानेच कडेवर वाढवलेला. तिने लग्नानंतर माहेरासाठी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या वेळी मागितलं. तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "वसंताचं छप्पर करून द्यायला हवं. आपली ती एफडी आहे ना?"

आणि मी म्हणालो, "ती अडकलेली आहे. आत्ता मोडता येत नाही."

ती अडकलेली नव्हती. एफडी कधीही मोडता येते, हे तुम्हालाही माहीत आहे. मी तेव्हा नेरुळहून नुकताच आलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर ती दोन दारं उघडी होती.

तिने पुन्हा विचारलं नाही. एकदाही नाही. वसंताने घरावर निळी ताडपत्री ओढली, तिच्यावर दगड ठेवले आणि तो अख्खा पावसाळा तिच्याखाली काढला. दिवाळीच्या तोंडावर मी बँकेत गेलो, एफडी मोडली आणि तिथून सरळ दुकानात.

थांबा, अजून आहे. खरं तर हे सांगण्यासाठीच इतका वेळ फिरत होतो.

भाऊबीजेला वसंत आला. दिघीहून फेरीबोटीत मोटरसायकल घालून आगरदांड्याला उतरला, तिथून मुरूडवरून आमच्याकडे. येताना नव्या भाताचे पोहे आणि काकड्या घेऊन आला. सुनंदाने ओवाळलं तर तबकात साडी घातली त्याने! ताडपत्रीखाली राहणाऱ्या माणसाने. मग सुनंदा त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. त्याने दोन्ही दारं उघडली आणि मोठ्याने हसला. "आयला, ताई! हा फ्रीज हाय का देव्हारा?"

आणि मी काय केलं असेल? मी पुढे झालो. मासळीचा खण दाखवला, बर्फाचा खण ओढून दाखवला, आधी डावं दार मिटायचं ते शिकवलं. त्याने सगळं कौतुकाने विचारलं, मी सगळं रंगवून सांगितलं. मला लाज वाटली नाही. हे सांगायलाच हवं — मला त्या क्षणी लाज वाटत नव्हती, मजा येत होती.

जेवायला बसलो. सुनंदा वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "अहो, माझ्या मनात एक आलंय. फ्रीज आपल्याला फुकटच मिळालाय ना? मग तो विकू या. जुना अजून चालतोय. येतील त्या पैशात वसंताचे पत्रे पडतील."

तिचे डोळे असे चमकत होते! किती दिवस तिने हा विचार मनात जपला असेल? बहुधा पेढे वाटले त्याच दिवशी तिला तो सुचला असेल. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की तिला आनंद झालाय तो फ्रीजचा.

एक शब्द पुरला असता. "विकू." खोटं उघडं पडलं नसतं, फ्रीज गेला असता, छप्पर झालं असतं, आणि ते तिच्या नशिबाने झालं असतं. माझं पाप आपोआप धुऊन निघत होतं — बायको स्वतः हातात तांब्या घेऊन उभी होती. मी फक्त हात पुढे करायचा होता.

मी म्हणालो, "बक्षिसाची वस्तू विकता येत नाही. नियम आहे. मी सही करून दिलीय दुकानात."

ती म्हणाली, "असं होय." आणि वसंताला भात वाढला.

तो आमटी कालवत हसून म्हणाला, "न्हाय गं ताई, विकायचा कशापायी? घरात आलेली लक्ष्मी कुनी विकतं व्हय? माझं व्हईल. भावोजी, तुम्ही काय मनाला लावून घेऊ नका."

उरलेलं भात कापून झाल्यावर वसंत पनवेलला गेला, एका सोसायटीत वॉचमन म्हणून. त्याची बायको सुशीला आणि मुली पुढचा पावसाळाही ताडपत्रीखालीच राहिल्या. वर्षभराने तो परत आला आणि साठवलेल्या पगारातून घरावर पत्रे घातले. आम्हाला पूजेला बोलावलं. आम्ही गेलो. लाल पत्रे, नवं आढं, जमीन सारवलेली. मला मानाने पहिल्या पंगतीला बसवलं.

आत चुलीपाशी सुनंदा सुशीलेला म्हणत होती, "वेळेला आमच्याकडून काहीच झालं नाही गं." आवाज हळू होता, पण मला ऐकू आला.

सुशीला म्हणाली, "असं काय बोलता वन्सं? तुमच्याजवळ असतं तर तुम्ही दिलं न्हाय का असतं?"

सुनंदा म्हणाली, "दिलं असतं. ह्यांनीच आधी दिलं असतं."

वसंत माझ्यापुढे भाताचं भांडं घेऊन उभा होता. "भावोजी, घ्या अजून." मी पान पुढे सरकवलं. नव्या तांदळाचा भात होता, वर तूप. मी पोटभर जेवलो.