तांब्यातलं पाणी

खालच्या बारमध्ये गाणी सुरू झाली की आमच्या खिडकीतल्या तांब्यातलं पाणी थरथरतं. काल संध्याकाळी माझ्या तक्रारीवरून हवालदार आवाज मोजायचं यंत्र घेऊन घरी आले. त्यांची जीप कोपऱ्यावर दिसताच बारवाल्याने गाणी बंद केली. पाणी कसं शहाण्यासारखं शांत!

मी तावातावाने बोलू लागले, तसा यंत्रावरचा आकडा चढला.

"ताई, आवाज खाली."

हेच आधी वडील म्हणायचे, मग सासूबाई. बारला मात्र आजवर कुणीच म्हटलं नाही. मी यंत्राच्या आणखी जवळ गेले.

"लिहून घ्या साहेब, मर्यादा मी ओलांडली. बारच्या गाण्यांनी हे पाणी रोज थरथरतंय तोवर ओलांडतच राहणार."