आधी बंद कोण करणार?

मी कर्वेनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मोबाइल नेटवर्क शिकवते. त्यातला गेम थिअरीचा भाग माझा विशेष लाडका. विद्यार्थ्यांना तो कोरडा वाटतो, म्हणून मी नळाच्या मोटारीपासून सुरुवात करते. एकाने महापालिकेच्या नळाला मोटार लावली की शेजारच्याचं पाणी कमी होतं, मग शेजारी मोटार लावतो, आणि शेवटी सगळ्यांच्या मोटारी घरघरतात पण पाणी कुणालाच धड मिळत नाही. मोबाइलचंही तसंच, असं मी सांगते. प्रत्येकजण आपापल्यापुरतं शहाण्यासारखं वागतो आणि सगळे मिळून मूर्ख ठरतात. मुलं हसतात आणि परीक्षेत हेच लिहून मार्क घेतात.

हे शहाणपण माझ्या घरी मात्र चाललं नाही. आम्ही, म्हणजे आई आणि मी, वारज्याला राहतो. आमची सोसायटी उतारावर, खोलगट जागी आहे, त्यामुळे रेंज आधीच यथातथा. वरच्या मजल्यावरच्या काकांनी कुठूनतरी रेंज वाढवणारा एक बूस्टर आणला. काका सोसायटीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले. असली यंत्रं विनापरवाना लावायची नसतात, ती टॉवरच्या कानात नुसता कचरा ओततात, हे मी त्यांना जिन्यात सांगितलं. "हो का?" म्हणाले, "आमचे फोन मात्र स्पष्ट लागतात." मग समोरच्या आयटीतल्या जोडप्याने बूस्टर लावला. आमचे फोन तुटायला लागले आणि दात-ओठ खात मीही एक आणला. शहाण्या माणसाला दुसरा मार्गच ठेवत नाही हा खेळ.

मला स्वतःसाठी रेंज नको होती. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, वर्ध्याजवळच्या गावात राहते. गेल्या वर्षी तिला पक्षाघात झाला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. म्हणजे मनात सगळं असतं, तोंडापर्यंत येताना शब्द हरवतो. डॉक्टर म्हणाले, रोज कुणीतरी तिच्याशी निवांत बोला, तिला शब्द शोधायला वेळ द्या, येईल वाचा. आईने ते काम अंगावर घेतलं. रोज दिवेलागणीला देवापुढे निरांजन ठेवलं की ती फोन लावायची. दोघींकडेही बटणांचे, खोलीभर आवाज जाणारे फोन, त्यामुळे घरातल्या वायफायचा उपयोग शून्य. माझा फोन पुढे केला तर म्हणे, "हा कानाला लागतच नाही मेला."

आई तिला स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं विचारायची. पोळ्या कशावर लाटतो गं? पलीकडे मोठी शांतता, मग "पो… पो…" आणि नेमका तिथे फोन खरखरायचा. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं," आई म्हणायची. पुढे एकदा मावसभावाच्या बायकोने मला कळवलं, की फोन झाला की मावशी भिंतीकडे तोंड करून रडते. 'ऐकू नाही आलं' म्हटलं की तिला वाटतं, आपण बोललो असं नुसतं आपल्याला वाटलं, शब्द बाहेर आलाच नाही. हल्ली ती प्रयत्नच सोडून द्यायला लागली होती.

ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं, की मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय घेतला. आणि केलं काय, तर फळ्यावर चार चौकोन काढले. दोघांनी बूस्टर बंद केला तर काय, एकानेच केला तर काय, कुणीच नाही केला तर काय. अगदी वर्गात शिकवावं तसं झकास समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, फार छान शिकवता आपण. कळलं सगळं. फक्त एक सांगा, आधी बंद कोण करणार?"

मी तणतणत घरी आले आणि आईपुढे सगळ्या सोसायटीचा उद्धार केला. तिने ऐकलं आणि सकाळी उठून आमच्या बूस्टरची पिन काढून टाकली.

"अगं, एकट्याने बंद करणारा या खेळात वेडा ठरतो," मी म्हणाले.

"ठरू दे. मला कुठे तुझ्या परीक्षेला बसायचंय?"

व्हायचं तेच झालं. त्या संध्याकाळी फोन लागला, पण पलीकडून काही म्हणजे काही कळेना. दुसऱ्या संध्याकाळी मावशीने फोन हातातच घेतला नाही. "नको म्हणतात," तिच्या सुनेने सांगितलं. आई फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. मला तिचा राग आला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवेनाही.

सकाळी तिने मला मंडईत पिटाळलं. कोथिंबिरीच्या जुड्या आण म्हणाली, पिशवीभर. माझ्या आईने चाळीस वर्षं पुण्यात काढली, पण कोथिंबिरीला ती अजून सांबार म्हणते आणि हिवाळ्यात सांबारवड्या करते. दिवसभर तळण झालं. मग तिने स्टीलच्या डब्यांमध्ये वड्या भरल्या आणि एकेक दार वाजवत निघाली. मी मागून गेले, ती काय करते ते बघायला.

तिने चौकोन काढले नाहीत. दार उघडलं की डबा द्यायची आणि सांगायची, "माझ्या बहिणीची वाचा गेलीय. फोन तुटला की तिला वाटतं, आपल्यालाच बोलता येत नाही. आम्ही आमचं यंत्र बंद केलंय. दिवेलागणीला तेवढा वेळ तुमचंही बंद ठेवाल का?" बस्स. मीटिंगमध्ये मी मावशीचं नावसुद्धा काढलं नव्हतं, हे मला तिथे जिन्यात लक्षात आलं.

काकांनी डबा घेतला, "बघतो," म्हणाले आणि दार लावलं.

आता आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणजे डबा दिला की माणूस पुन्हा तुमच्या दारात येणारच. माझ्या शास्त्रात याला पुनरावृत्त खेळ म्हणतात, उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असलं की माणसं सांभाळून वागतात. आईला विचारलं तर म्हणाली, "शास्त्र कसलं? रीत आहे."

पहिला डबा दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या जोडप्यातल्या मुलीने आणला. तिला स्वयंपाकाचा गंध नाही. डब्यात चिक्कीचे चार तुकडे होते आणि त्यांच्याशेजारी बूस्टरचा अडॅप्टर, वायर नीट गुंडाळलेली.

"काकू, हा तुमच्याकडेच ठेवा. घरात असला की ऑन करायचा मोह होतो," ती म्हणाली. तिला मिठी मारावीशी वाटली मला.

ही बातमी जिन्यातून वर गेली असणार, कारण दुपारी काका आले. एका हातात डाळिंबीच्या उसळीचा डबा, दुसऱ्या हातात अडॅप्टर.

"हा घ्या. पावती नको," म्हणाले. दोन पायऱ्या चढून थांबले आणि मागे न वळता विचारलं, "बहीण धाकटी का तुमची?"

"हो," आई म्हणाली.

"मग बोला निवांत."

संध्याकाळी आईने फोन लावला. सुनेने बऱ्याच मिनतवाऱ्या करून मावशीच्या कानाला फोन लावला असावा. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, पण कान तिकडेच. इतके दिवस तुटक्या फोनवर बोलून आईला सवयच लागली होती, ती सगळ्या वारज्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "कशी आहेस गं? बोल! मी ऐकतेय! बोल ना!"

पलीकडे शांतता. खरखर नाही, काही नाही. नुसता श्वास येत होता, इतका स्पष्ट, की मलाही ऐकू आला. आईने या वेळी मधे तोंड घातलं नाही.

मग मावशी म्हणाली, अडखळत, पण पूर्ण, "कायले… ओरडतं वं?"

माझी पोळी तव्यावर करपली. आई आधी हसली, मग रडली, मग पदराने नाक पुसून फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि बोलायला लागली. इतकी हळू, की पुढचं मला एक अक्षरही ऐकू आलं नाही.