पायाळूची पाठ

मी जन्मले ती पायांकडून. आमच्याकडे अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूने हळूच लाथ मारली की पाठीतली उसण निघते, अशी सगळ्यांची पक्की खात्री असते. त्यामुळे मी चालायला शिकले तेव्हापासून आमच्या बंजारा तांड्यातली भलीमोठी माणसं माझ्यापुढे पालथी पडत आली आहेत. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू. ज्या मामाचा आवाज ऐकला की आम्ही पोरं कोपऱ्यात दडायचो, त्याच मामाच्या पाठीवर मी पाय ठेवायची आणि वर तोच मला गुळाचा खडा द्यायचा.

लग्न होऊन उमरखेडजवळच्या तांड्यावर आले, तर तिथे आधीच एक पायाळू ठाण मांडून बसलेली. माझी थोरली जाऊ. एका घरात दोन पायाळू म्हणजे काय, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. ज्याची पाठ धरली तो आधी कुणाच्या दाराशी जातो, यावर आमच्या घरातलं हवामान ठरायचं. आम्ही कधी कडाकडा भांडलो नाही, पण बोलणं कामापुरतं. मीठ संपलंय, पाणी आलंय, एवढंच.

मी एसटीत कंडक्टर आहे. लोकांना वाटतं, कंडक्टरचे पाय दुखत असतील. पाय दुखतात, ते घरी आल्यावर गरम पाण्यात टाकले की गप्प बसतात. माझं दुखणं वेगळं होतं. उजव्या खांद्यामागच्या खवाट्याच्या आतून निघायचं, मानेच्या कडेने वर चढायचं आणि डोळ्याच्या मागे जाऊन बसायचं. गळ्यात तिकिटाचं मशीन, खांद्याला बॅग, एक हात वरच्या दांड्याला आणि बाजाराच्या दिवशी अंगावर अर्धा तालुका. दुपारनंतर उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. मलम लावलं, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, गोळ्या खाऊन पोट जाळून घेतलं. फोटो काढला तर हाडं एकदम ठणठणीत. मग नवरा म्हणाला, "टेन्शन घेतं तू." त्या दिवशी त्याला मी जेवायला वाढलं, पण प्रेमाने नाही.

घरात मी कुणाला नीट सांगितलंच नव्हतं. पायाळूचीच पाठ दुखते म्हटल्यावर कुणी विश्वास ठेवला असता? आणि जाऊबाईंना तर आयतंच कोलीत मिळालं असतं.

गाडीवर मात्र लपेना. ड्रायव्हरने पाहिलं, मग डेपोतल्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेबांनी बोलावून चांगुलपणानेच विचारलं, "मॅडम, ऑफिसात बसायचं काम देऊ का? विचार करा, महिनाअखेरीला सांगा." बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीमागे उभं राहून रडले. कुणाला ते काम सुखाचं वाटेल. मला नको होतं. आमच्या घरातली मी पहिली बाई, जी रोज तांड्याबाहेर जाते. पुसदच्या रस्त्याला लागलं की टेकड्या येतात, थांब्याथांब्यावर ओळखीची माणसं चढतात. कुणाची पोरगी कॉलेजात जाते, कुणाला सासरी करमत नाही, हे सगळं मला माहीत असतं. ती गाडी सुटली असती तर माझ्यातलं काहीतरी कायमचं बसलं असतं.

आमच्या डेपोतल्या एका कंडक्टरबाईने सांगितलं की यवतमाळहून एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा उमरखेडला येते, न्यूरोमस्क्युलर थेरपी करते. नाव ऐकूनच मला धडकी भरली. वाटलं, विजेचे झटके देत असतील. गेले तर एक चष्मेवाली तरुण मुलगी, एक पलंग आणि भिंतीवर चामडी सोललेल्या माणसाचं चित्र. तिने आधी मला नुसतं उभं केलं. मग म्हणाली, "ताई, गाडीत उभ्या राहता तशा राहा. बॅगही घ्या." मी राहिले. ती माझ्याभोवती फिरून बघत होती आणि मी मनात म्हणत होते, यासाठी मी रजा टाकली?

मग तिने पडायला सांगितलं आणि मानेच्या खाली, खांद्याच्या वरच्या मांसात अंगठा टेकवला. टेकवलाच, दाबला म्हणवत नाही.

"कुठे दुखतंय?"

"डोळ्याच्या मागे," मी म्हणाले, आणि माझी मीच चपापले. अंगठा खांद्यावर आणि कळ डोळ्यात!

ती हसली नाही, तिला हे रोजचं असणार. म्हणाली की स्नायूत बारीक गाठी धरतात, त्या दुखणं दुसरीकडेच धाडतात. मेंदू त्या स्नायूला सारखा सांगत असतो, घट्ट धर, गाडी हलतेय, पडशील. गाडीतून उतरलं तरी तो सोडायचं विसरतो. "आपण त्याला सोडायला शिकवायचं. जोर नको. गोड दुखेल तेवढंच." मी म्हटलं, "मॅडम, लाजू नका, चांगलं दाबा." तिने दाबलं नाही. अंगठा तसाच ठेवला आणि मला सावकाश श्वास सोडायला लावला. थोड्या वेळाने ती कळ अशी विरघळली, जशी गरम भाकरीवर लोण्याची गोळी. घरी आल्यावर मी आरशात बघून भांग पाडला. कितीतरी महिन्यांनी दोन्ही हातांनी.

इथेच माझी अक्कल चरायला गेली. मी हिशेब केला की एका अंगठ्याने एवढं होतं, तर त्यावर पायाळूची लाथ बसली की दुखणं मुळासकट जाईल. स्वतःची लाथ स्वतःच्या पाठीत मारता येत नाही. मग राहिलं कोण?

संध्याकाळी मी शेजारीच जाऊबाईंच्या अंगणात गेले आणि सरळ पालथी पडले. त्या धान्य पाखडत होत्या. सूप थांबलं.

"काय वं, तुही पाठ?"

"हाव. मारा."

"म्या मारू? तुले?"

"जोरात मारा, जाऊबाई."

इतक्या वर्षांची भडास त्या पायात होती की मायाच होती, देव जाणे. पण लाथ मस्त बसली. दोघीही समाधानाने आपापल्या कामाला लागलो. सकाळी माझी मान वळेना. उजवीकडे बघायचं तर मला अख्खं अंगच वळवावं लागत होतं. हात ताटापर्यंतही पोचेना. महिनाअखेर जवळ येत चालली होती. मी बाजेवर बसून ढसाढसा रडले.

जाऊबाई दारात उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. "माह्या पायानं झालं," त्या म्हणाल्या, आणि थेरपिस्टचा वार आला तसं माझ्याबरोबर स्वतः गाडीत बसल्या.

थेरपिस्टने सगळं ऐकलं. आधी तोंडावर हात धरून हसली, मग रागावली. "अहो ताई, तो स्नायू आधीच घाबरून मूठ आवळून बसलाय. त्याला लाथ घातली तर तो मूठ उघडेल का?"

जाऊबाईंनी पदर सावरून विचारलं, "म्हंजे मॅडम, लाथेत काही नसते?"

"उसणीचं तुम्ही बघा," ती म्हणाली, "पण या दुखण्याला लाथ नको. या, तुम्हालाच शिकवते."

आणि तिने जाऊबाईंचा अंगठा धरून माझ्या खांद्यावर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचा हात माझ्या अंगाला पहिल्यांदा लागला असेल. पाय लागून झाला होता. तिने दाखवलं की गाठ कशी चाचपायची, कुठे थांबायचं, मी श्वास सोडला की कसं नुसतं वाट बघत राहायचं. मलाही कामं लावली. बॅगचा खांदा बदला, मशीनचा पट्टा आखूड करा, थांब्याला गाडी उभी राहिली की खांदे कानांपासून खाली सोडा.

परतताना गाडीत आम्ही दोघी प्रवासी म्हणून बसलो होतो.  जाऊबाई एकदम म्हणाल्या, "माही बी कंबर दुखते वं. लय वर्षं झाली. पण आपण पायाळू, सांगू कोणाले?"

 मी त्यांचा हात धरला.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात आमची बैठक बसू लागली. आधी त्या माझा खांदा धरत, मग मी त्यांची कंबर. हाताला काम असलं की तोंड सुटतं. त्यांचं पहिलं मूल गेलं होतं हे मला तेव्हा कळलं. माझ्या नोकरीचा त्यांना हेवा वाटायचा, हेही त्यांनीच सांगितलं. कधी अंगठा चुकायचा, कधी दुखणं दुसऱ्या दिवशी तसंच उगवायचं आणि मी चिडायची. "तुले घाई लय," त्या म्हणायच्या आणि पुन्हा हात ठेवायच्या.

महिनाअखेरीच्या दिवशी मी पुसदच्या गाडीवर गेले. संध्याकाळी साहेबांना उत्तर द्यायचं होतं. बाजार होता, गाडी खचाखच. भाजीची पोती, लग्नाचं वऱ्हाड, पुढे बसायचं की मागे यावरून दोघांची जुंपलेली. मी तिकिटं काढत पुढून मागे गेले, मागून पुढे आले, दोघांना दोन टोकांना बसवलं. वळणावळणांचा रस्ता संपला आणि गाडी सपाटीला लागली तेव्हा एकाएकी लक्षात आलं, मला खांदा आठवलाच नव्हता. तो तिथे होता, थोडा जड होता, पण हाक मारत नव्हता. साहेबांना काय सांगायचं ते ठरलं, आणि तिथेच, भर गाडीत, माझ्या डोळ्यांना धार लागली. पुसता पुसेना.

दाराजवळच्या सीटवरची एक म्हातारी तिकिटासाठी हात पुढे करून बसली होती. तिने हात मागे घेतला.

"काहून रडून राह्यली वं माय? कोणी बोललं काय?"

"नाही आजी. दुखत नाहीये म्हणून."

म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं. मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली, सरकून मला टेकायला जागा केली आणि म्हणाली, "मंग रडून घे. माहा थांबा लांब हाय."