सोऱ्याच्या डब्यातला कागद

मी बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीत मीटरचे काटे वाचणारा माणूस. काटा दाखवेल तेवढंच खरं... बायको म्हणते, तेही चष्मा लावला असेल तर! तेव्हा भुताखेतांवर विश्वास ठेवण्याइतकी कल्पनाशक्ती माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुभानपुऱ्यात आमच्याकडे ब्रॉडबँड नवं नवं आलं आणि मी ब्लॉग काढला. स्वतःचं लिहिण्यासारखं काही नव्हतं. मग एका पेपरात येऊन गेलेलं दिघे सरांचं बडोद्याच्या जुन्या मराठी घराण्यांवरचं सदर कात्रणांवरून टाइप केलं — नऊच्या नऊ लेख. खाली 'साभार' लिहिलं. आपल्यात साभार लिहिलं की झालं ना? सोसायटीच्या स्मरणिकेपर्यंत सगळीकडे हाच कायदा!

झालं नाही. पेपरची नोटीस आली. कॉपीराइटचा भंग, लेख काढले तरी दावा लावणारच. आणखी दोघा ब्लॉगवाल्यांनाही अशाच नोटिसा गेल्या होत्या. नोकरीत केस लागली म्हणजे खुलासा, चौकशी, आणि तोंडाशी आलेली बढती गेली.

गोत्रीचे वकील पटेलभाई म्हणाले, "साहेब, साभार तो ठीक छे, पण कोईने पूछ्युं हतुं?"

"नाही."

"तो चोरीज कहेवाय ने!"

मग त्यांनीच वाट दाखवली. सर पेपरचे नोकर नव्हते, बाहेरून लिहायचे. लेखांचे हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवल्याचा कागद मिळाला, तर पेपर दावा करूच शकत नाही.

पण सर तर भाद्रपदातच गेले होते.

त्याच दुपारी ब्लॉगवर सरांच्या एका लेखाखाली कॉमेंट आली. नाव — दिघे. मजकूर मराठीत: "सोऱ्याचा डबा बघ. घरी ये."

हा आमच्या हेमंतचाच चावटपणा! नोटीस आल्यापासून तो मला ऑफिसात 'आरोपी' म्हणूनच हाक मारायचा. मी खाली उत्तर ठोकलं — "गाढवा, आधी चकल्या पाठव!"

दुसऱ्या दिवशी कागदाच्या आशेने सरांच्या घरी गेलो. दोन गल्ल्या सोडून घर, आणि मी पहिल्यांदाच पायरी चढत होतो.

"कागद कसले राहतायत रे?" दिघेकाकू म्हणाल्या. "मी दर महिन्याला सगळी रद्दी पस्तीवाल्याला देते. चाळीस वर्षं त्यावरून भांडलो. महत्त्वाचं काही असलं की हे कुठेतरी लपवायचे. कुठे, ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

त्यांना जरा हसवावं म्हणून मी हेमंतची सोऱ्याची चेष्टा सांगितली. काकू हसल्या नाहीत.

"सोऱ्या यंदा काढलाच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "घरातलं माणूस गेलं, फराळ कुठला करणार?"

मी माळ्यावरून डबा काढला. पितळी चकत्यांखाली घडी घातलेलं पत्र. संपादकाची सही. लेख एकदा छापण्यापुरती परवानगी, बाकी सर्व हक्क लेखकाकडे.

मी ते काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी विचारलं, "म्हणजे आता हक्क माझे?"

"हो काकू. तुम्हीसुद्धा माझ्यावर दावा लावू शकता."

"लावतेच. दर रविवारी ये आणि एकेक लेख वाचून दाखव." मग पदराने डबा पुसत म्हणाल्या, "मी त्यांचं काही वाचलंच नाही रे... सगळं पस्तीत घातलं."

पेपरने नोटीस मागे घेतली. मी हेमंतला पेढे दिले. तो म्हणाला, "कसली कॉमेंट? मला मराठी टाइप करता येतं का, आरोपी?" त्याला दाखवायला ब्लॉग उघडला, तर दिघ्यांची कॉमेंट नाही! माझं उत्तर मात्र जागच्या जागी.

नऊ रविवार झाले, आता दुसरी फेरी चालू आहे. काकू प्रत्येक लेखात सरांच्या चुका काढतात आणि डोळे पुसतात. कॉमेंट कोणी टाकली, कोणी काढली, आजही सांगता येत नाही.

त्या लेखाखाली माझं "गाढवा, आधी चकल्या पाठव!" अजून तसंच आहे. लाज वाटते, काढावंसं वाटतं... पण विचारल्याशिवाय कसं काढू? आणि विचारू कोणाला?