बाटलीतलं बोट

प्रॅक्टिकलला फॉर्मालिनची बरणी उघडली, की नाकात झोंबणाऱ्या त्या वासाबरोबर मला नेरूळची आमची खोली आठवते. तेव्हा मी अकरावी सायन्सला होते, कॉलेजात गेलेली घरातली पहिलीच. एका दुपारी माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या माथाडी टोळीतले एक काका धापा टाकत दारात आले. ट्रकचा फाळका पडून आण्णांचं बोट तुटलं होतं. आण्णांना दवाखान्यात नेल्यावर ते बोट सापडलं, ते काकांनी रुमालात आणलं होतं. "पोरी, डॉक्टर जोडत्याल म्हणं. पर तवर ठिवायचं कसं? तू सायन्सवाली, सांग की!" मला आठवलं, कॉमिकमधल्या राक्षसाला तुटलेला हात परत फुटायचा. पालीची शेपटी तर खरंच परत येते, कारण तुटल्या जागच्या जिवंत पेशी नव्या पेशी बनवतात, हे मी नुकतंच शिकले होते. म्हणजे बोट जोडायचं तर त्यातल्या पेशी जिवंत हव्यात, बोट ताजं राहायला हवं. कॉलेजातला फॉर्मालिनच्या बरणीतला बेडूक कायम ताजा दिसायचा. किडे जपायला घरी आणलेल्या फॉर्मालिनच्या बाटलीत मी बोट बुडवलं आणि बाटली छातीशी धरून रिक्षात बसले. डॉक्टरांनी झाकण उघडलं. "हे कोणी केलं? यात पेशी मरतात. नुसतं पिशवीत घालून बर्फावर ठेवून आणलं असतं तर…" कॉटवरून आण्णाच म्हणाले, "तिला बोलू नगा, डॉक्टर. लेकरू अजून शिकतंय." आता मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. चार बोटांनी चहाचा कप धरून आण्णा रोज विचारतात, "आज काय शिकलीस?" आणि मी फॉर्मालिनचं नाव टाळून सगळं सांगते.