भाषा आपोआप ओळखा

बायकोच्या मावशीला मी लखनौत गुरंढोरं म्हटलं. तेही जाहीर फलकावर, मोठ्या अक्षरांत.

मावशी साताऱ्याला मराठी शिकवायच्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला माणूस त्यांच्या मनातून उतरतो, आणि मी तर तिथे कधी चढलोच नव्हतो. त्या पहिल्यांदाच आमच्याकडे मानक नगरला येणार, म्हणून स्वागताचा फलक मी स्वतः कॉम्प्युटरवर लिहायला घेतला. 'प्रिय मावशी, सुस्वागतम्.' लगेच सगळ्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघा. (मावशी पोचायच्या आधीच!)

सेटिंगमध्ये शिरून मी 'भाषा आपोआप ओळखा' आणि 'चुका आपोआप सुधारा' या दोन्हींवर टिचकी मारली. देवनागरी दिसताच यंत्रानं हिंदी ओळखली आणि 'मावशी'चं 'मवेशी' केलं. मवेशी म्हणजे हिंदीत गुरंढोरं. मी फक्त रेघा गेल्या एवढंच पाहिलं आणि फाइल फलकवाल्याला पाठवली. वर फोनवर सांगितलं, "भैया, थोड़ा सजा देना." त्यानं इमानदारीत सजवलं. झेंडूची माळ घातलेली म्हैस टाकली.

फलक परस्पर गेटवर लागला. मावशी रिक्षातून उतरल्या त्या त्याच्यासमोरच.

"जावईबापू, मवेशी म्हणजे?"

"हिंदीत मावशीला तसंच म्हणतात."

"आणि ही म्हैस?"

"इकडे शुभ मानतात."

बायकोनं, म्हणजे मंजिरीनं, मावशींची बॅग उचलली. आत जाता जाता तिनं माझ्याकडे एकदा बघितलं.

मावशींना नवा शब्द फार आवडला. संध्याकाळी शेजारचे तिवारीजी चहाला आले, तर मावशींनी हात जोडून ओळख करून दिली, "नमस्ते, मैं मंजिरी की मवेशी."

तिवारीजींनी कप खाली ठेवला. "अरे माताजी, ऐसा मत कहिए." मग मला गॅलरीत नेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "भाई साहब, बुज़ुर्ग हैं. थोड़ा इज़्ज़त से रखिए."

ते गेल्यावर आमची ईरा म्हणाली, "नानी, मवेशी मतलब गाय-भैंस. पापा झूठ बोल रहे हैं."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. मावशींनी चष्मा काढला. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की मंजिरीला पाणी आणावं लागलं.

"चला, फलकापाशी फोटो काढू," त्या म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही म्हशीला टेकून उभे राहा."

फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. मावशींच्या धाकट्या भावानं लगेच विचारलं, "ताई ओळखली, म्हैस ओळखली. मधलं कोण?"

उत्तर द्यायचं मी मंजिरीवर सोपवलंय. तिनं अजून दिलेलं नाही.