टॉवेलाने धरलेली जागा

एका न्यायाधीश बाईंच्या नावाला माझ्या हातून डाग लागला. तो लावताना मी कुठलाही कायदा मोडला नाही, कुणाकडून पैसे घेतले नाहीत, वरिष्ठांचा दबावही नव्हता. मी फक्त एक जबाब घ्यायचा राहू दिला. नोकरी मुदतीआधी सोडून आता तीन वर्षं झाली, पण त्या शुक्रवारची ती एसटी अजून माझ्या डोळ्यांपुढून जाते. धुक्यातून हळूहळू येते, थांबते, आणि कोणी उतरत नाही.

तेव्हा मी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. पाऊस सुरू झाला की चार महिने तिथे ऊन विसरायचं. ठाण्यातली कागदपत्रं ओलसर व्हायची, शिक्का उमटायचा नाही, आणि सकाळी हजेरीला उभे असलेले शिपाई धुक्यात अर्धेच दिसायचे.

अशाच एका सकाळी वरिष्ठ कार्यालयातून बंद लिफाफा आला. आत एक निनावी अर्ज. तालुका कोर्टाच्या न्यायाधीश बाई एका पक्षकाराशी संधान बांधून आहेत, दर शुक्रवारी त्याच्याबरोबर एसटीने कोल्हापूरला जातात, तो त्यांची बडदास्त ठेवतो, असा मजकूर. पक्षकार म्हणजे गाद्या शिवणारा एक मुस्लिम कारागीर. भाड्याचा गाळा खाली करण्याचा दावा त्याच्यावर चालू होता. न्यायाधीशांची चौकशी पोलिसांना परस्पर करता येत नाही. उच्च न्यायालयाकडूनच विचारणा आली होती, आणि मी फक्त गुपचूप पडताळणी करून अहवाल द्यायचा होता.

मी हवालदारांना विचारलं. बत्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस.

"बाई कशा आहेत?"

"कडक हाईत. चहासुदिक घेत न्हाईत कुणाचा."

"मग गाडी का नाही घेत? न्यायाधीश असून एसटीनं?"

"घेत्यात कशानं? वडील अंथरुणावर हाईत कोल्हापुरात. त्यांच्या सेवंला मानूस ठेवून, औषधं आणून, हितलं खोलीभाडं देऊन काय उरतंय? साहेब, आपल्या आमदाराचा ड्रायवर गाडीतनं फिरतोय आनि ज्यांच्या सहीनं मानूस आत जातोय, त्या बाई रांगंत!"

"म्हणजे पैशाची गरज आहे," मी म्हणालो.

"गरज तर मलाबी हाय की," हवालदार म्हणाले आणि बाहेर गेले.

ते तेव्हा काय म्हणाले हे मला कळायला हवं होतं. पण पोलिसाच्या डोक्यात एक यंत्र बसवलेलं असतं. गरज दिसली की ते हेतू छापून बाहेर काढतं. न्यायाधीशांना नवी वेतनश्रेणी लागू व्हायच्या आधीचे ते दिवस. एवढ्या पगारात, एवढ्या जबाबदारीच्या जागेवर माणूस सरळ कसा राहील, असं मी मनात धरून चाललो होतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी साध्या वेशात स्टँडवर उभा राहिलो. पावसाची बारीक भुरभुर होती. चंदगडकडून एसटी आली तशी माणसं खिडक्यांकडे धावली. कुणी पिशवी आत टाकली, कुणी टोपी, कुणी रुमाल. आपल्याकडे खिडकीतून वस्तू आत पडली की जागा धरली गेली, त्यावर कुणी वाद घालत नाही. एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने, अर्जातल्या त्या गादीवाल्यानेच, खांद्यावरचा टॉवेल ड्रायव्हरमागच्या सीटवर टाकला. मग तो आत चढला आणि पार मागे जाऊन उभा राहिला.

गाडी सुटायच्या बेताला बाई आल्या. साधी सुती साडी, काखेत कागदांचं गाठोडं. कंडक्टर म्हणाला, "या मॅडम, तुमची शीट हाय." टॉवेल त्याने त्या चढायच्या आधीच उचलून मागे दिला होता. बाई बसल्या. गाठोडं सोडून वाचू लागल्या.

मीही त्या गाडीत होतो. बाहेर ऊस, धुकं, गुऱ्हाळाचा गोड धूर, पुन्हा ऊस. काचेवर पाणी ओघळत होतं आणि बाईंचा चेहरा त्यात दिसत होता, जणू कोणी पाण्याखाली बसून वाचतंय. मला आठवतं, क्षणभर वाटलं की आपण बघतोय ते काहीतरी फार शांत आणि चांगलं आहे. पण मी खिशातली वही काढली आणि लिहिलं: पक्षकाराने जागा धरली, न्यायाधीश बसल्या.

सोमवारी अहवाल गेला. 'सदर पक्षकार दर आठवड्यास न्यायाधीशांसाठी जागा धरतो, दोघांत सलगी असल्याचे दिसून येते.' मी एकच शुक्रवार पाहिला होता. 'दर आठवड्यास' हे मी अर्जातून उचललं. म्हाताऱ्याचा जबाब घेतला नाही. कंडक्टरचाही नाही.

महिनाभरात त्या गाळ्याचा निकाल लागला. बाईंनी म्हाताऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला. एवढ्यावर तरी मला माझ्या अहवालाची शंका यायला हवी होती. मी स्वतःला सांगितलं, अर्जाची कुणकुण लागली असेल, घाबरून दिला असेल. मग बाईंची मुदतीआधी बदली झाली, आणि बढतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही.

पुढे उच्च न्यायालयाकडून पत्र आलं. अहवालासोबत पक्षकाराचा जबाब का जोडलेला नाही, तो घेऊन पाठवावा. तेव्हा कुठे मी म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावलं. दाढीत कापूस अडकलेला, तसाच आला.

"चाचा, न्यायाधीश बाईंना जागा का धरायचा?"

"त्या उभ्या ऱ्हात हुत्या म्हनून."

"खरं सांगा. केस होती तुमची त्यांच्यापुढं."

"व्हय की. हरलो. गाळा गेला माझा."

"मग? निकाल फिरेल असं वाटलं होतं?"

म्हातारा हसला. "सायेब, टावेल टाकून निकाल फिरला असता तर मी गादीच टाकली असती! कापूस आनाय दर शुक्रवारी त्याच गाडीनं जातो मी. एकदा बघितलं, बाई उभ्यानं कागद वाचत हुत्या. गाडी वळली की पडत हुत्या, पुन्ना वाचत हुत्या. म्हटलं, ह्या कागदात कुनाकुनाचं घर आसंल. नीट बसून तरी वाचू द्यात."

"त्यांना माहीत होतं, जागा तुम्ही धरता ते?"

"छ्या! कंडक्टरला सांगितलं हुतं, नाव घ्यायचं न्हाई. त्यास्नी वाटायचं, सरकारी शीट हाय."

"आणि हरल्यावर?"

"हरल्यावर काय? पुढच्या शुक्रवारीबी टाकला. मी हरलो म्हनून त्यास्नी बसाय नको व्हय?"

कंडक्टरने जबाबात तेच सांगितलं. प्रकरण उलगडलं होतं. त्या दिवशी मी लिहायला हवं होतं, 'माझा पहिला अहवाल चुकीचा होता, आरोप खोटा आहे.' मी लिहिलं, 'अधिक चौकशीत आरोपास पुष्टी मिळाली नाही.' हे वाक्य आम्हा पोलिसांना शिकवावं लागत नाही. त्यात लिहिणारा सुटतो, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो अर्धा अडकून राहतो. बाईंची फाईल बंद झाली, पण स्वच्छ झाली नाही. वर्षभराने त्यांनी राजीनामा दिल्याचं कळलं.

आता न्यायाधीशांचे पगार वाढले आहेत. कट्ट्यावर लोक विचारतात, एवढा पगार कशाला? मी सांगतो, द्या, अजून द्या. खाणारा जास्त पगारातही खातो, आणि न खाणाऱ्या बाई मी कमी पगारात पाहिल्या. पैशाने प्रामाणिकपणा विकत मिळत नाही. पण जो दुसऱ्यांचा न्याय करतो, त्याला कुणाच्या भल्या मनाचाही आधार लागू नये. उपकार करणारा म्हातारा कितीही निर्मळ असो, बघणारा माझ्यासारखा असू शकतो.

गेल्या वर्षी मी प्रतिज्ञापत्र केलं, सगळं जसं घडलं तसं लिहून उच्च न्यायालयाला पाठवलं, आणि त्याची प्रत घेऊन बाईंच्या कोल्हापुरातल्या घरी गेलो. त्या आता विद्यार्थ्यांना कायदा शिकवतात. त्यांनी मला ओळखलं नाही. प्रत उभ्यानेच वाचली. दुपार होती, खिडकीतून पडलेलं ऊन फरशीवर हलत होतं.

"मॅडम, मला माफ करा," मी म्हणालो.

"मला सांगू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला माहीतच होतं. बदलीचा कागद आला तेव्हा बाबांनी मला एकदाच विचारलं होतं, 'खरंच काही नाही ना गं?' नंतर कधी विचारलं नाही. त्यांना सांगा. ऐकायला कमी येतं, मोठ्यानं बोला."

आतल्या खोलीत पलंगावर त्यांचे वडील पडून होते. शाळामास्तर होते ते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी लोकांवर आवाज चढवला, पण त्या खोलीत मी हळूच बोललो.

"सर, तुमच्या मुलीनं काही केलं नव्हतं. मी चुकीचं लिहिलं होतं."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

मी पलंगाशी गुडघे टेकले आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणालो, "तुमच्या मुलीनं काही केलं नव्हतं, सर. मी चुकीचं लिहिलं. मला माफ करा."